कॉमन एरियातला कोळी

कोळ्याला आठ पाय असतात आणि त्यातला एक गेला तरी त्याचं फारसं अडत नाही, ही माहिती मला एकसष्टाव्या वर्षी मिळाली नसती, तर आज मी सोसायटीत मान वर करून फिरत असतो.

माहिती दिली माझ्या भाचीनं. सृष्टी तिचं नाव. पुण्यातल्याच एका संस्थेत ती कोळ्यांवर पीएच.डी. करते. म्हणजे कोळी पाळत नाही. त्यांच्या डीएनएचा अभ्यास करते. कुठला कोळी कुठल्या कोळ्याचा जवळचा, कोण कुठून आलं, येता येता कुणात किती फरक पडला, हे ती शोधते. आपल्याकडे लग्न जमवताना मावश्या जे तोंडी करतात, तेच ती यंत्रावर करते, एवढंच मला कळलं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"मामा, तुमच्याकडे ते मोठे तपकिरी कोळी दिसतात का? चपटे. जाळं करत नाहीत, भिंतीवर नुसते बसून असतात."

"दिसतात की. तुझी मामी किंचाळली की मला दिसतात."

"मला हडपसरचे हवेत. मार्केट यार्डचं सॅम्पल झालंय, खडकीचं झालंय, फक्त तुमचा कोपरा रिकामा राहिलाय. सबमिशन जवळ आलंय, मामा. दहाच पुरेत. आणि अख्खा कोळी नकोच, प्रत्येकाचा एक पाय पुरतो. पाय घ्यायचा, कोळी सोडून द्यायचा."

मी एका पायावर तयार झालो.

यामागे कारण होतं. पाच वर्षांपूर्वी अकोल्याला, तिच्या भावाच्या साखरपुड्यात, पंगतीत बसून मी चारचौघांत म्हणालो होतो, "कोळ्यांचं शिकून पोरगी काय जाळी विणणार?" सगळे हसले. सृष्टीही हसली. फक्त तिचं हसणं इतरांच्या आधी संपलं. मी खडकीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली आहेत. केसाएवढा फरकही माझ्या नजरेतून सुटत नाही. तो सुटला नाही आणि पुढं पाच वर्षं मला सोडेना. त्यामुळं दहा पाय म्हणजे मला काहीच वाटलं नाही. तिनं शंभर मागितले असते तरी मी हो म्हणालो असतो.

दोन दिवसांत तिची पेटी आली. बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा नळ्या, त्यांत स्पिरिट, एक नाजूक चिमटा, हातमोजे, चिकटपट्ट्या आणि सूचनांचा एक कागद. सूचना मी वाचल्या नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सूचना लिहिलेला माणूस सूचना वाचत नाही.

पहिला कोळी आमच्याच बाथरूममध्ये होता, गिझरच्या वर. तो आणि मी एक तास एकमेकांकडे बघत होतो. बाहेरून आमच्या हिचा, म्हणजे मुक्ताचा, आवाज येत होता.

"काय करून राहिले तुम्ही आतमध्ये?"

"पाय घेतोय."

"अजून?"

शेवटी चिमटा लागला. त्या प्राण्यानं जरासुद्धा आदळआपट केली नाही. बसच्या गर्दीत चप्पल अडकली की माणूस जसा चप्पल सोडून उतरून जातो, तसा तो पाय माझ्याकडे सोडून खिडकीबाहेर निघून गेला. मी तो पाय दोन बोटांत धरून उजेडात नीट पाहिला, वरून पाहिला, खालून पाहिला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली, नळीत सोडला आणि वळणदार अक्षरात 'बी-१' असं लिहिलं. असा स्वच्छ नमुना सृष्टीच्या संस्थेत आजवर आला नसेल, याची मला खात्री होती.

पण आमच्या घरात दुसरा कोळी निघेना. मुक्ताच्या झाडूपुढं एक टिकला हेच आश्चर्य. म्हणून मी स्टूल घेऊन जिन्यात गेलो, आणि तिथं माझ्या खाजगी आयुष्याचं सार्वजनिक आयुष्य झालं.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये मी स्टुलावर उभा होतो. खालून आमचे सेक्रेटरी पारसनीस वर आले. पारसनीस मूळचे सदाशिव पेठेतले. हडपसरला राहायला येऊन बारा वर्षं झाली, तरी अजून ते इथं तात्पुरते उतरल्यासारखे वागतात.

"काय शोधताय?"

"कोळी."

"हरवलाय?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. डीएनए, भाची, सबमिशन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हा जिना कॉमन एरिया आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग कोळीही कॉमन."

"अहो, मला त्याचा फक्त एक पाय हवाय."

"आज पाय न्याल, उद्या बल्ब न्याल. अर्ज करा."

मी अर्ज केला. तो परत आला, कारण त्यावर 'विषय' लिहिला नव्हता. विषय लिहून दिला. तो परत आला, कारण 'पाय' हे एकवचन आहे की अनेकवचन याचा बोध होत नव्हता. मी 'प्रत्येक कोळ्यामागे एक याप्रमाणे एकूण नऊ (अक्षरी नऊ) पाय' असं लिहिलं. पारसनीसांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता मराठी झालं. चेअरमनची सही आणा."

चेअरमन म्हणजे सर्जेराव. त्यांच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या उसाच्या रानावर. ए विंगमध्ये ते, त्यांचे चुलते, चुलतभाऊ, अशी सगळी भावकी. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळालेली. बी विंगमध्ये आम्ही. विदर्भातून, खानदेशातून, पार इंदूर-पाटण्याहून नोकरीसाठी आलेले आणि वीस वर्षं हप्ते भरणारे. सर्जेरावांचा मार्केट यार्डात केळ्यांचा गाळा आहे. माणूस मनानं मोकळा. गणपतीत स्वतः वाढायला उभा राहतो. पण त्या महिन्यात दोन्ही विंगमध्ये छपराखालच्या पार्किंगवरून धुसफूस चालू होती. जागा बारा, गाड्या एकतीस. 'आम्ही इथले मूळचे, आधी आम्हाला' हे ए विंगचं म्हणणं. 'मूळचे असाल, पण मेंटेनन्स सारखाच भरतो' हे आमचं.

मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा सर्जेराव ओट्यावर चहा पीत बसले होते. अर्ज वाचून त्यांनी कप खाली ठेवला.

"दशरथराव, डीएनए म्हंजी त्येच ना, ज्यानं मूळचं कोण आन् भाईरचं कोण त्ये कळतं?"

"साधारण तेच," मी म्हणालो.

आयुष्यात मी एकदाच 'साधारण' हा शब्द वापरला. तपासणी खात्यात आम्हाला या शब्दाची बंदी होती, आणि ती का होती हे मला तेव्हा कळलं.

सर्जेरावांचे डोळे चमकले. "मग नुसतं तुमच्या बी विंगचं कशाला? आमच्याबी कोळ्यांचं काढा. आमच्या वडलांच्या येळेपासूनचं कोळी हाईत हितं. होऊन जाऊ द्या एकदाचं दूध का दूध!"

त्याच आठवड्यात कमिटीची बैठक झाली आणि ठराव मंजूर झाला. पारसनीसांनी तो स्वतःच्या हातानं लिहून बोर्डावर लावला: 'सोसायटीतील कोळ्यांच्या पायांची शास्त्रीय तपासणी करण्यात यावी. ए विंग पाच, बी विंग पाच, असे समान प्रतिनिधित्व असावे. अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात यावा. कोळी जागेवर परत सोडण्याची जबाबदारी श्री. दशरथ यांची राहील.' माझ्या भाचीच्या दहा नळ्यांचं हे असं सरकारी काम झालं.

संध्याकाळपर्यंत हा ठराव कुणीतरी थोडक्यात करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तो असा: 'पार्किंगसाठी डीएनए टेस्ट. मूळ रहिवासी ठरवणार. प्रत्येकी एक पाय. संपर्क: दशरथकाका, बी-३०२.'

पहिला फोन दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचा आला. उपाशीपोटी यायचं का, असं त्या विचारत होत्या. मग एका आयटीतल्या तरुणाचा आला. त्याला तपासणीच्या दिवशी ऑफिसला जाणं भाग होतं, तर आधी स्लॉट मिळेल का आणि डावा पाय चालेल का, एवढंच त्याला हवं होतं. मी खुलासा टाकला की पाय कोळ्याचा हवा आहे. त्यावर कुणीतरी विचारलं, 'कोळी समाजाचाच का?' मग मी फोन बंद करून मुक्ताकडे दिला. तिनं तो डाळीच्या डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून लोक कोळी घेऊन दारात येऊ लागले. श्रीखंडाच्या डब्यात, काडेपेटीत, एकानं तर जुन्या मोबाईलच्या खोक्यात. त्यात पाली निघाल्या, झुरळं निघाली, एक वाळलेला टोळ निघाला. आणि प्रत्येकाबरोबर सल्ला मोफत. कोळ्याला कापूर दाखवा, बधिर होतो. कोळ्यावर पाणी मारू नका, सर्दी होते. एक गृहस्थ तर म्हणाले, "पाय घेताना मागचा घ्या, पुढचा त्याला नमस्काराला लागतो." हे त्यांनी इतकं गंभीरपणे सांगितलं की मी मागचाच घेतला.

बी विंगचे पाच कसेबसे झाले. ए विंगला मात्र माझा एकही नेम लागेना. मी जवळ गेलो की कोळी पसार. असा मी पार्किंगच्या खांबाशी धापा टाकत असताना मागून आवाज आला, "अरं बाबा, अंगावर धावून गेलास तर त्यो पळनारच की. जावयावानी धरावा लागतो."

सरुबाई होत्या. सर्जेरावांच्या आई, वय अठ्ठ्याहत्तर. दिवसभर दाराशी उन्हात खुर्ची टाकून बसतात आणि गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करतात. त्यांनी नातसुनेला हाक मारून एक स्टीलची वाटी आणि एक जुनी लग्नपत्रिका मागवली. भिंतीवरच्या कोळ्यावर हलकेच वाटी पालथी घातली, खालून पत्रिका सरकवली, आणि कोळी वाटीत. एका मिनिटाचं काम. एका तासात चार कोळी झाले. मी चिमट्यानं पाय घेई आणि त्या वाटी उताणी करून कोळ्याला भिंतीवर सोडून म्हणत, "जा बाबा, तुझं काम झालं. माझं गुडघं आजून चालूच हाईत."

"पाय पुन्यांदा येतो म्हनं याला?" त्यांनी विचारलं.

"कोवळ्या वयात असेल तर कात टाकताना येतो."

"मग माझा एक गुडघा घिऊन बघ बरं. कात मी बी टाकीन."

पाचवा कोळी मात्र मीच मिळवला. तुळईवर एक दिसला म्हणून मी स्टुलावर चढलो, स्टुलाचा एक पाय फरशीच्या फटीत गेला आणि मी सर्जेरावांच्या टेम्पोशेजारी रचलेल्या केळ्यांच्या रिकाम्या क्रेटवर पडलो. रोज सकाळी मार्केट यार्डाहून टेम्पो येतो आणि ते क्रेट तिथं उतरतात. मला कुठं लागलं ते मी सांगणार नाही. पण उठता उठता एका क्रेटमधून एक भला थोरला कोळी माझ्या बाहीवर चढला. मी आहे तसाच, आडवा, त्याचा पाय घेतला. सर्जेराव धावत आले, आधी कोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लिवा, ए विंग पाच," ते म्हणाले. "काय ताकद हाय बघा आमच्याकडच्याची!"

दहा नळ्या एका जेवणाच्या डब्यात भरून मी दोन बस बदलून सृष्टीच्या संस्थेत गेलो. गेटवरच्या माणसानं डबा हुंगला.

"दारू?"

"स्पिरिट. नमुने आहेत."

"कसले?"

"पायांचे."

तो जरा मागं सरकला. "कुणाचे पाय?"

मी कमरेच्या दुखण्यानं बेजार होतो आणि महिनाभर एकच हिशेब माझ्या डोक्यात होता. त्यामुळं तोंडून जे यायचं ते आलं. "पाच ए विंगचे, पाच बी विंगचे. ठराव झालाय."

पाऊण तास मी त्याच्या केबिनबाहेर बाकावर बसून होतो. एक माणूस सतत माझ्यावर लक्ष ठेवून होता, आणि येणारी जाणारी मुलं माझ्या डब्याकडे बघत होती. चौतीस वर्षं मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत रोज आत-बाहेर केलं, तिथं माझा डबा कुणी हुंगला नव्हता. शेवटी सृष्टी पळत आली. मला बघून तिनं आधी कपाळाला हात लावला आणि मग त्याच हातानं माझा डबा घेतला.

तिनं मला वर नेलं. पडद्यावर चार रंगांतली अक्षरं दाखवली. ओळीच्या ओळी, एकाखाली एक. "हे मार्केट यार्डचं, हे खडकीचं. प्रत्येकाची साडेसहाशे अक्षरं. आता ही अशी एकाखाली एक लावायची आणि कुठं अक्षर बदललंय ते बघायचं. हे बघा, इथं. आणि इथं. ज्यांच्यात फरक कमी, ते जवळचे."

मी चष्मा पुसून परत बघितलं. "म्हणजे मापाचं गेज लावायचं आणि फरक टिपायचा. हे तर तपासणी खातंच झालं!"

"तेच तर," ती म्हणाली. "आमच्या सरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, घरात कोणी असलं काम करतं का. मी म्हटलं, मामा."

साखरपुड्याच्या पंगतीबद्दल मी तिला काहीतरी सांगणार होतो. वाक्यही बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. पण "पाणी कुठं मिळेल?" एवढंच मी विचारलं, आणि तिनं आणून दिल्यावर दोन ग्लास प्यायलो.

सव्वा महिन्यानं सभा भरली. वार्षिक सभेला आमच्याकडे कोरम कधी होत नाही. अर्धा तास थांबून, होते तेवढ्यांत उरकतात. त्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या. ए विंग एका बाजूला, बी विंग दुसऱ्या बाजूला, मध्ये लग्नातल्यासारखी वाट. सृष्टी समोर उभी राहिली. तिनं आयुष्यात असली सभा पाहिली नव्हती. परीक्षकांची पाहिली असेल, पार्किंगवाल्यांची नाही.

"सगळ्यांचे आभार," ती म्हणाली. "तुमच्यामुळे माझा नकाशा पूर्ण झाला. आधी ए विंग. पाचही पाय अक्षरन् अक्षर सारखे आले. एकाही जागी फरक नाही."

ए विंगमध्ये टाळ्या झाल्या. सर्जेराव अर्धे उठले. "म्हंजी शुद्ध! एका रक्ताचं!"

"हो," सृष्टी म्हणाली. "आणि मार्केट यार्डातल्या कोळ्यांशीही तंतोतंत सारखे. हे मूळचे इथले नाहीत, काका. ही जात मालाबरोबर जगभर फिरते. फळांच्या घडांतून, खोक्यांतून. तुमच्याकडे बहुतेक क्रेटमधून आले. एखाद-दोनच आले असतील, बाकी सगळी त्यांचीच पिल्लं. म्हणून सगळे सारखे."

सगळ्यांनी एकदम सर्जेरावांच्या टेम्पोकडे पाहिलं. टेम्पो तिथंच उभा होता.

"बी विंगमध्ये मात्र तीन वेगवेगळ्या वंशांचे निघाले," सृष्टी पुढं म्हणाली. "लोक लांबून सामान घेऊन आले, त्यातून आले असावेत. एवढ्याशा इमारतीत एवढी विविधता मला शहरात कुठंच मिळाली नाही."

आता बी विंगनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जणू ते कोळी मी जन्माला घातले होते.

"आन् आमच्यात नाय विविधता, तर काय बिघडलं?" सर्जेरावांचा आवाज चढला.

सृष्टी माझ्याकडं बघेना. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिच्या आईकडचा दोष आहे. "तसं आज काही बिघडत नाही, काका. पण सगळे एकसारखे असले ना, की एखादा रोग आला तर एकालाच नाही, सगळ्यांनाच गाठतो. वेगवेगळे असले तर काही तरी वाचतात."

"म्हंजी आमी संपनार?"

"तुम्ही नाही, कोळी."

पण आता तो फरक कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. ए विंगमधून दोघं उठले. 'हा अहवाल बी विंगनं फिरवला' असं कुणीतरी म्हणालं. बी विंगमधून 'मग हलवा तो टेम्पो' असा आवाज आला. सृष्टी हातातला कागद घट्ट धरून उभी होती, आणि माझ्या मनात आलं, की पोरीचं काम आपण पार्किंगच्या भांडणात आणून आपटलं. पंगतीतलं ते एक वाक्य तरी बरं होतं.

तेवढ्यात सरुबाईंनी काठी फरशीवर आपटली.

"सर्जा, बस खाली. पोरगी काय वंगाळ बोलली? मी कुठली रं?"

"तू? तू हितलीच की, आई."

"हितली? मी सासवडची. सतराव्या वर्षी हितं आले, बैलगाडीतनं, एक ट्रंक आन् एक पितळंचा हंडा घिऊन. तुझी बायको इंदापूरची. तुझी सून नगरची. तुज्या चुलत्याच्या घरात पुरंदरची. या ए विंगमदी एक तरी बाई मूळची हितली हाय का? उभी ऱ्हा कोन आसंल तर."

कुणी उभं राहिलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि मग हळूच हसू लागल्या; आधी ए विंगमधल्या, मग आमच्याकडच्या.

"निम्मं घर भाईरनं आनल्याबिगर घर चालत न्हाई," सरुबाई म्हणाल्या, "आन् हे गाड्या लावायला मूळचं शोधाया लागल्यात. चिठ्ठ्या टाका. ज्याची निघंल त्यो लावंल."

सर्जेराव खाली बसले. त्यांनी टेम्पोकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, "टाका चिठ्ठ्या." पारसनीसांनी लगेच इतिवृत्तात लिहून घेतलं, माणसाचं मन बदलायच्या आत.

सभा इथं संपायला हवी होती. सगळं गोड झालं होतं, चहा आला होता. पण पारसनीस पुन्हा अहवालाचे कागद चाळू लागले.

"एक शंका. नमुने दहा गेले. ए विंग पाच. बी विंगचे तीन वंश तुम्ही सांगितलेत, ते चार पायांवरून. दहावा पाय कुठं आहे?"

"तो... वगळलाय," सृष्टी म्हणाली.

"कुणाचा?"

"बी-१."

बी-१ म्हणजे माझ्या बाथरूममधला. माझा सर्वांत उत्तम नमुना. मी उभा राहिलो. "वगळला? का म्हणून? नळी फुटली का?"

"मामा, नंतर सांगते."

"नंतर कशाला? चारचौघांत सांग. माझ्या कामात खोट निघायची नाही."

तिनं एकदा छताकडं बघितलं. "त्यात कोळ्याचा डीएनए मिळालाच नाही. माणसाचा मिळाला. तुम्ही तो हातात धरला होता का? हातमोजे दिले होते मी. आणि फुंकर वगैरे..."

पार्किंगमध्ये जी शांतता पसरली, तशी शांतता आमच्याकडे श्रद्धांजलीलासुद्धा होत नाही. मग मागून कुणीतरी फुसकन हसलं, आणि पुढची पाच मिनिटं दोन्ही विंग पहिल्यांदाच एका सुरात होत्या. आयटीतला तो तरुण तर खुर्चीवरून घसरला. मुक्ता पदर तोंडाला लावून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मी स्थितप्रज्ञासारखा उभा होतो. चौतीस वर्षं ज्यानं हजारो नगांवर 'नापास'चा शिक्का मारला, त्याचा स्वतःचा नग नापास झाला होता, आणि तोही तपासणीला त्यानंच पाठवलेला.

सर्जेराव डोळे पुसत माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नका, दशरथराव. सगळ्या सोसायटीत कोळी निघालं. तुमच्या एकट्याच्या घरात मानूस निघाला."

नंतर चिठ्ठ्या झाल्या. मला जागा मिळाली नाही. पारसनीसांना मिळाली, पण त्यांच्याकडे गाडीच नाही, सायकल आहे. ती आता छपराखाली असते.

हिवाळ्यात सृष्टीचा प्रबंध छापून आला. एक प्रत घेऊन ती जेवायला आली. मुक्तानं पातोडीची रस्सा भाजी केली होती. जेवण होईपर्यंत मी त्या प्रबंधाला हात लावला नाही, एवढा ताठा माझ्यात अजून शिल्लक होता. ती गेल्यावर मात्र मी चष्मा लावला. आभाराच्या पानावर सरुबाईंचं नाव होतं, 'वाटी आणि पत्रिकेची पद्धत शिकवल्याबद्दल'. सोसायटीचंही होतं. माझं होतं, आईवडिलांच्या खालच्याच ओळीत: 'माझे मामा, ज्यांच्याकडून मी फरक बघायला शिकले.' मी ती ओळ किती वेळा वाचली ते कुणाला सांगायची गरज नाही.

मग पानं उलटत गेलो. शेवटी तक्ते होते. चौथ्या तक्त्यात एकोणिसाव्या ओळीत सापडलं. मी मुक्ताला हाक मारली. ती हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली. इंग्रजी होतं, मी तिला अर्थ सांगितला.

"नमुना बी-१. ठिकाण, हडपसर. जात, मानव. शेरा, वगळले."

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"जात मानव?" तिनं विचारलं. "असं छापून दिलंय?"

"छापून दिलंय."

"मग फोटोकॉपी काढून ठेवा त्याची," मुक्ता म्हणाली, आणि भांडी घासायला आत गेली.